गल्ला एकाचा, गुन्हा दुसऱ्याचा!

व्यापारविषयक कायदा कधीच तटस्थ नसतो. तो कोणाचे तरी ओझे उतरवतो आणि ते दुसऱ्या कोणाच्या तरी खांद्यावर चढवतो. शिवछत्रपतींना हे पुरते ठाऊक होते. पोर्तुगीजांच्या ताब्यातील बारदेशातून येणाऱ्या स्वस्त मिठाने कोकणातील मिठाचा व्यापार बसू लागला, तेव्हा १६७१ साली त्यांनी कुडाळचे सरसुभेदार नरहरी आनंदराव यांस पत्र धाडले आणि त्या मिठावर जबर जकात बसवण्याची आज्ञा केली. संगमेश्वराकडील मीठ विकले जावे, स्वतःच्या मुलखातील उदमी जगावा, हा त्यामागील स्पष्ट हेतू होता. राज्यकर्त्याने बाजाराकडे पाहावयाचे ते असे. कोणाचा माल कोणामुळे पडून राहतो, हे आधी पाहावयाचे आणि मग नियम करावयाचा.

साडेतीन शतकांनंतर त्याच मुलखातील एक साधा व्यवहार पाहू. बांद्याच्या बाजारपेठेत मालवणी मसाला विकणारा दुकानदार आहे. गोव्याहून आलेल्या गिऱ्हाईकाला त्याने गल्ल्यावर साधी पावती फाडून मसाला दिला, तर वर्षाची उलाढाल चाळीस लाखांच्या आत असेतोवर त्याला वस्तू व सेवा कराची नोंदणी करावी लागत नाही. मात्र तोच मसाला त्याच गिऱ्हाईकाने घरी जाऊन मागवला आणि दुकानदाराने तो कुरियरने पेडण्यास पाठवला, की व्यवहार आंतरराज्य ठरतो. मग चाळीस लाखांची सवलत संपते आणि पहिल्या रुपयापासून नोंदणी अनिवार्य होते. मसाला तोच, गिऱ्हाईक तेच, किंमत तीच. अंतरही काही किलोमीटरांचे. बदलला तो फक्त मार्ग. ‘एक देश, एक कर’ अशी घोषणा देत १ जुलै २०१७ रोजी ज्या करप्रणालीचा प्रारंभ झाला, तिच्यात छोट्या विक्रेत्यासाठी राज्याची सीमा मात्र तशीच उभी राहिली.

नियमांची जंत्री

ऑनलाइन दुकान म्हणजे संगणकावर चार छायाचित्रे चढवली की झाले, असा समज अद्यापि प्रचलित आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. पायरी चढताच कायद्यांची रांग उभी असते. दुकाने व आस्थापना कायद्याखालील सूचना वा नोंदणी, स्थायी खाते क्रमांक, चालू खाते आणि वस्तू व सेवा कराची नोंदणी ही झाली सुरुवात. खाद्यपदार्थ असेल तर अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ खालील नोंदणी किंवा परवाना हवा. खेळणी असतील तर १ जानेवारी २०२१ पासून लागू झालेल्या गुणवत्ता नियंत्रण आदेशानुसार भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह हवे. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदवलेल्या कारागिरांना त्यातून सूट आहे, ही समाधानाची बाब. माल वेष्टनबंद असेल तर वैध मापनशास्त्राच्या २०११ च्या नियमांनुसार उत्पादकाचे नाव व पत्ता, निव्वळ वजन, कमाल किरकोळ किंमत, तक्रारीसाठीचा संपर्क हे सारे वेष्टनावर छापावे लागते. २०१८ च्या जानेवारीपासून यातील बहुतेक तपशील पडद्यावरही दाखवावा लागतो.

याउपर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ आणि त्याखाली २३ जुलै २०२० रोजी अधिसूचित झालेले ई-वाणिज्य नियम येतात. विक्रेत्याने तक्रार निवारण अधिकारी नेमावयाचा, तक्रारीची पोच अठ्ठेचाळीस तासांत द्यावयाची आणि महिन्याच्या आत तिचा निकाल लावावयाचा. सदोष माल परत घेण्यास नकार द्यावयाचा नाही. ग्राहकाच्या नावाने स्वतःच्याच मालाची खोटी स्तुती लिहावयाची नाही. परत पाठवणी आणि परतावा यांच्या अटी आधीच स्पष्ट सांगावयाच्या. ग्राहकाला फसवून खरेदीस भाग पाडणाऱ्या पडद्यावरील तेरा क्लृप्त्यांची यादी ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी दिली, त्याही टाळावयाच्या. ग्राहकाचे नाव, पत्ता, दूरध्वनी क्रमांक जपण्याची जबाबदारी २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने घातली. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून, बहुतांश तरतुदींच्या सिद्धतेसाठी अठरा महिन्यांची मुदत देण्यात आली. त्या कायद्यातील दंडाची कमाल मर्यादा अडीचशे कोटी रुपये आहे.

या नियमांपैकी बहुतेक न्याय्य आहेत, हे प्रथमच निःसंदिग्धपणे सांगितले पाहिजे. न पाहिलेल्या मालासाठी आधी पैसे मोजणारा ग्राहक दुकानात उभ्या असलेल्या ग्राहकापेक्षा अधिक असहाय असतो. त्याला अधिक संरक्षण हवेच. कौटिल्याने अर्थशास्त्रात वजनमापांसाठी पौतवाध्यक्ष नेमला आणि लबाड व्यापाऱ्यांपासून प्रजेच्या रक्षणास एक स्वतंत्र प्रकरण दिले. तेव्हा बाजारावर राज्याचा अंकुश असावा, हा विचार या भूमीला नवा नाही. प्रश्न अंकुशाचा नसून तो कोणाच्या मस्तकावर रोवला जातो, याचा आहे. बांद्याचा दुकानदार आणि जगातील सर्वांत धनाढ्य कंपन्यांपैकी एक असलेली कंपनी एकाच बाजारात उभी असताना, नियमांचे बारीक अक्षर कोणाला वाचावे लागते आणि कोणाला त्यातून निसटता येते?

‘आम्ही विक्रेते नाही’

निसटण्याची वाट एका वाक्यात आहे: ‘आम्ही विक्रेते नाही, आम्ही केवळ मध्यस्थ आहोत.’ माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ७९ ने मध्यस्थांना अभय दिले. दुसऱ्याने टाकलेल्या मजकुराबद्दल, काही अटींच्या अधीन राहून, मध्यस्थाला जबाबदार धरावयाचे नाही, असे ते कलम सांगते. २०२० च्या ई-वाणिज्य नियमांनी ई-बाजार चालवणाऱ्या कंपन्यांसाठी हीच ढाल कायम ठेवली. वेष्टनावरील माहिती पडद्यावर चुकीची आली, तरी वैध मापनशास्त्राच्या नियमांत बोट आधी उत्पादक वा विक्रेत्याकडे वळते; अट एवढीच की ई-बाजाराची भूमिका मध्यस्थाइतकी मर्यादित असावी.

याच वाक्याचा दुसरा लाभ अधिक मोठा आहे. केंद्र सरकारने २९ मार्च २०१६ च्या निवेदनाद्वारे ई-बाजाराच्या प्रारूपात शंभर टक्के परकीय गुंतवणुकीस वाट मोकळी केली. मात्र स्वतःचा साठा करून थेट ग्राहकाला विकण्याच्या प्रारूपात ती निषिद्ध ठेवली. म्हणजे ‘आम्ही विक्रेते नाही’ एवढे म्हटले की परकीय भांडवलाला दार उघडते आणि ग्राहकाच्या तक्रारीला तेच दार बंद होते. एका वाक्यात दोन वरदाने! असे भाग्य देशातील कोणत्या किराणा दुकानदाराच्या वाट्याला आले आहे?

या कंपन्यांचे समर्थक मंडईचा दाखला देतात. पुण्याच्या मंडईत एखाद्या गाळेधारकाने नासकी भाजी विकली, तर त्याचा जाब महापालिकेला कोणी विचारतो काय, असा त्यांचा सवाल असतो. दाखला आकर्षक आहे, परंतु तो तपासून पाहिला की त्यातील पोकळपणा उघडा पडतो. महापालिका गिऱ्हाईकाकडून भाजीचे पैसे स्वतः घेऊन ते आठ-पंधरा दिवस आपल्याकडे ठेवत नाही. ती कोणता गाळा दारात दिसावा आणि कोणता कोपऱ्यात दडावा, हे दर तासाला बदलत नाही. ती भाजी स्वतःच्या गोदामात साठवत नाही, स्वतःच्या नावाच्या खोक्यात बांधत नाही आणि स्वतःच्या माणसाकरवी घरपोच करत नाही. प्रत्येक गाळ्यावर काय, कधी, किती भावाने खपले याची वही महापालिकेकडे नसते. ई-बाजाराकडे हे सारे असते. ज्याच्या हाती मालाची जागा, मालाची वाट, मालाचा पैसा आणि मालाची वही आहे, त्याने स्वतःस केवळ मांडव घालणारा म्हणवून घ्यावे, हा शब्दच्छल झाला.

ई-बाजार चालवणाऱ्यांना जबाबदारी पेलणार नाही, असे सरकारलाही वाटत नाही. कर गोळा करावयाचा असतो तेव्हा सरकार त्यांच्यावर निर्धास्त विसंबते. १ ऑक्टोबर २०१८ पासून विक्रेत्याच्या रकमेतून वस्तू व सेवा कराचा अंश कापून भरण्याचे काम त्यांच्याकडे आले. त्याचा दर १० जुलै २०२४ पासून एक टक्क्यावरून अर्ध्या टक्क्यावर आला. १ ऑक्टोबर २०२० पासून आयकराची कपातही तेच करतात. घरपोच येणाऱ्या उपाहारगृहाच्या जेवणावरील कर तर १ जानेवारी २०२२ पासून उपाहारगृहाऐवजी या मंचांनीच, जणू तेच पुरवठादार आहेत असे मानून, भरावा असा दंडक झाला. करासाठी ज्याला पुरवठादार मानता येते, त्याला ग्राहकाच्या नुकसानीसाठी मानता येत नाही काय? तिजोरी भरताना जो जबाबदार, तो ग्राहक नाडला गेल्यावर परका कसा ठरतो?

प्रेशर कुकरचा धडा

या प्रश्नाचे एक उत्तर २०२२ च्या ऑगस्टमध्ये मिळाले आणि ते उद्बोधक आहे. घरगुती प्रेशर कुकरवर १ फेब्रुवारी २०२१ पासून मानक ब्युरोचे चिन्ह सक्तीचे झाले होते. फुटलेला कुकर माणसाचा जीव घेऊ शकतो, म्हणून ही सक्ती. तरीही चिन्हाविना कुकर ऑनलाइन विकले जात होते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने चौकशी केली, तेव्हा अमेझॉनच्या मंचावरून असे २,२६५ कुकर विकले गेल्याचे आणि त्यापोटी कंपनीस ६,१४,८२५ रुपये शुल्क मिळाल्याचे निष्पन्न झाले. प्रत्येक विक्रीतून कमाई होत असताना कंपनीला हात झटकता येणार नाहीत, अशी भूमिका प्राधिकरणाने घेतली. सर्व ग्राहकांना कळवावे, कुकर परत घ्यावेत, पैसे परत करावेत, असा आदेश निघाला. फ्लिपकार्टबाबतही त्याच महिन्यात तसाच आदेश झाला. तेथे ५९८ कुकर आणि १,८४,२६३ रुपये शुल्क होते. अमेझॉनने आदेशाला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले.

प्राधिकरणाची भूमिका अभिनंदनीय होती, यात शंका नाही. परंतु दंड किती? प्रत्येकी एक लाख रुपये! मिळालेले शुल्क सहा लाखांवर आणि दंड एक लाख. उलटपक्षी त्या वेळी लागू असलेल्या मानक ब्युरो कायदा, २०१६ नुसार सक्तीचे चिन्ह नसलेला माल विकणाऱ्यास पहिल्याच गुन्ह्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान दोन लाख रुपये दंड सांगितला होता. तुळशीबागेतील एखाद्या भांडेवाल्याने असा एक कुकर विकला असता, तर त्याच्यावर टांगलेली किमान रकमेची तलवारही या महाकाय कंपन्यांच्या प्रत्यक्ष दंडाच्या दुप्पट होती. दोन कायदे निराळे आहेत, हे खरे. परंतु ग्राहकाच्या स्वयंपाकघरात फुटणारा कुकर कलमांचे क्रमांक पाहून फुटत नाही. गल्ला एकाचा आणि गुन्हा दुसऱ्याचा, अशी ही वाटणी आहे.

अक्षर पाळले, आशयाचे काय?

परकीय गुंतवणुकीच्या नियमांची कथा याहून वेगळी नाही. ई-बाजाराने स्वतः विकावयाचे नाही, एवढे म्हटल्यावर त्याच मंचावर त्याच्याच भागीदारीतील विक्रेते अवतरले. म्हणून २६ डिसेंबर २०१८ च्या निवेदनाने नियम कडक झाले आणि ते १ फेब्रुवारी २०१९ पासून लागू झाले. ई-बाजार कंपनीचा किंवा तिच्या समूहाचा भागभांडवलात हिस्सा असलेल्या विक्रेत्याने त्या मंचावर माल विकू नये, आपला माल केवळ अमुक मंचावरच विकण्याची सक्ती कोणावर होऊ नये, असे त्यात सांगितले गेले. ‘क्लाउडटेल’ हा अमेझॉनच्या मंचावरील बडा विक्रेता होता. त्याच्या मालक कंपनीतील अमेझॉनचा ४९ टक्के हिस्सा नियम लागू होताच २४ टक्क्यांवर आला आणि विक्री पूर्ववत चालू राहिली. मे २०२२ मध्ये ‘क्लाउडटेल’चा अध्याय संपला. त्यात कायद्याचे अक्षर पाळले गेले असेल; आशय पाळला गेला काय, हा प्रश्न देशभरचे छोटे व्यापारी विचारत राहिले आणि त्यांना उत्तर मिळाले नाही.

स्पर्धा आयोगाने १३ जानेवारी २०२० रोजी अमेझॉन आणि फ्लिपकार्ट यांच्या चौकशीचा आदेश दिला. निवडक विक्रेत्यांना झुकते माप आणि बेसुमार सवलती, असे आरोपांचे स्वरूप होते. कंपन्यांनी ते नाकारले. चौकशीच होऊ नये म्हणून या कंपन्या कर्नाटक उच्च न्यायालयात आणि तेथे हरल्यावर सर्वोच्च न्यायालयात गेल्या. ऑगस्ट २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही चौकशी रोखण्यास नकार दिला. म्हणजे चौकशी व्हावी की नाही, एवढेच ठरण्यास दीड वर्षाहून अधिक काळ गेला! बांद्याच्या दुकानदाराने विवरणपत्र भरण्यास वीस दिवस उशीर केला, तर विलंब शुल्काचा आकडा संगणक त्याच दिवशी सांगतो. धनदांडग्यांना वेळ विकत घेता येतो आणि छोट्यांना वेळेचाच दंड बसतो, ही विषमता कोणत्याही कलमात लिहिलेली नाही. परंतु ती रोज अनुभवास येते.

सरकारला याची जाणीव नव्हती, असे नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय ई-वाणिज्य धोरणाचा मसुदा आला आणि पुढील अनेक वर्षे तो मसुदाच राहिला. जून २०२१ मध्ये ई-वाणिज्य नियमांच्या दुरुस्तीचा मसुदा आला. विक्रेत्याने माल दिला नाही आणि ग्राहकाचे नुकसान झाले, तर ई-बाजारालाही उत्तरदायी धरावे, अशी तरतूद त्यात होती. त्यावर बरेच वादळ उठले आणि पुढील वर्षांत ती तरतूद नियमांत उतरली नाही. राजकीय इच्छाशक्ती मसुद्यापाशी येऊन थबकते, हे चित्र कोणत्याही पक्षाच्या सरकारला भूषणावह नाही.

मापे एक करा

असे बंधन घातले तर ई-बाजार छोट्या विक्रेत्यांनाच बाहेर काढतील, असा एक बचाव मांडला जातो. तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. म्हणूनच जबाबदारी सरसकट न लादता ती नियंत्रणाच्या प्रमाणात ठेवावी. जेथे मंच केवळ जाहिरात दाखवतो आणि खरेदीदार व विक्रेता थेट व्यवहार करतात, तेथे मध्यस्थाचे अभय राहू द्यावे. जेथे माल मंचाच्या गोदामात राहतो, मंचाच्या खोक्यात बांधला जातो आणि पैसा मंचाच्या खात्यातून फिरतो, तेथे मंचाने विक्रेत्यासह उत्तर द्यावे. शिक्षेचा आकडाही उलाढालीशी जोडावा. एक लाखाचा दंड एकाचे दुकान बंद पाडतो आणि दुसऱ्याच्या हिशेबात दिसतही नाही.

छोट्या विक्रेत्याच्या मार्गातील धोंडे दूर करण्याचे काम याच्या जोडीने व्हावे. राज्यांतर्गत ऑनलाइन विक्रीसाठी वस्तू व सेवा कराच्या सक्तीच्या नोंदणीतून मर्यादेखालील विक्रेत्यांना १ ऑक्टोबर २०२३ पासून अटींसह सूट मिळाली, हे स्वागतार्ह पाऊल होते. तथापि आंतरराज्य विक्रीचा अडसर कायम राहिला. दुसऱ्या राज्यातील गोदामात माल ठेवावयाचा तर त्या राज्यात निराळी नोंदणी आणि व्यवसायाचे निराळे ठिकाण दाखवावे लागते. अशा छोट्या पुरवठादारांसाठी सुलभ नोंदणीच्या कल्पनेस वस्तू व सेवा कर परिषदेने सप्टेंबर २०२५ मध्ये तत्त्वतः मान्यता दिली. तत्त्वाला व्यवहाराचे पाय फुटावेत आणि मालाला राज्याची सीमा ओलांडताना चाळीस लाखांची सवलत गमवावी लागू नये, एवढा तरी न्याय व्हावयास हवा. त्याचप्रमाणे ३१ डिसेंबर २०२१ रोजी स्थापन झालेल्या ‘ओएनडीसी’ या खुल्या जाळ्याचा मूळ हेतू, म्हणजे एकाच कंपनीच्या दारात न अडकता विक्रेत्याला कोणत्याही ग्राहकापर्यंत पोहोचता यावे हा, कागदावर राहता कामा नये. आणि हे सारे नियम सोप्या मराठीत, एका पुस्तिकेत, जिल्हा उद्योग केंद्राच्या खिडकीवर मिळू नयेत काय?

व्यापाऱ्यांनाही चार शब्द सुनावणे प्राप्त आहे. ‘छोट्याला कोण विचारतो’ म्हणत वेष्टनावर वजन न छापणे, परवान्याविना लोणची विकणे, परत आलेल्या मालाचे पैसे देण्यास टाळाटाळ करणे, हे प्रकार सर्रास चालतात. असा व्यापारी महाकाय कंपन्यांविरुद्ध न्यायाची भाषा बोलू लागला, की त्याच्या शब्दाला वजन उरत नाही. ज्याचे माप खरे, त्यालाच दुसऱ्याच्या मापावर बोट ठेवता येते. कोकणातील बचत गटांच्या भगिनींपासून सोलापूरच्या चादर विक्रेत्यांपर्यंत सर्वांनी हे कायदे समजून घ्यावेत, काटेकोर पाळावेत आणि मग संघटितपणे शासनाला विचारावे: जो नियम आमच्या दहा रुपयांच्या पुडीला लागू, तो त्यांच्या कोट्यवधींच्या गोदामाला केव्हा लागू होणार?

बाजार कोणाच्याही मालकीचा नसतो. तो समाजाचा असतो. त्याचा काटा धरण्याचे काम राज्याचे आहे. तो काटा ज्या राज्यकर्त्याच्या हाती असेल, त्याने कुडाळास गेलेल्या त्या पत्राचे एकदा स्मरण करावे. मिठासारख्या क्षुद्र वाटणाऱ्या पदार्थासाठीही छत्रपतींची लेखणी उचलली गेली, कारण त्यामागे मिठागरांवर राबणाऱ्या प्रजेचे पोट होते. आज पोट तेच आहे. फक्त बाजार पडद्यावर गेला आहे.